लॅमिनेशन केलेलं रिटर्न

परदेशीपुरा, इंदूर
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानदीप यास,

सप्रेम जयभीम आणि ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण आता त्याचं कौतुक कोणाला सांगायचं! सुहासिनीची शुगर कशी आहे? मागच्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी आणलेल्या रसगुल्ल्यांतले दोन तिनंच खाल्ले. मी काही बोलले नाही, पण तू लक्ष ठेव.

पत्र बघून तुला हसू येईल. तुझं घर इथून चार किलोमीटर, आणि ताई स्पीड पोस्टानं पत्र पाठवते. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं हो हो करते. समोर आलास की मी चहा टाकायला उठते आणि परत येईपर्यंत तुझं सगळं ठरलेलं असतं. मोबाइलवर लिहावं तर तू अर्धं वाचून अंगठा पाठवतोस. कागद तरी शेवटपर्यंत वाचशील. तुमच्या ऑफिसात कागदच वाचायचे पैसे मिळतात ना?

बातमी एकच. अप्पासाहेबांनी दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितली आहे. त्यांच्या अभिरामचं लग्न ठरलं, त्यांना जागा हवी. घरमालक म्हणून माणूस वाईट नाही, बावीस वर्षांत कधी तोंड वाकडं केलं नाही. सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं. म्हणाले, "पंचशीलाबाई, तुमचं तर सरकारी घर लागलंच आहे, म्हणून बोलायची हिंमत केली." मी म्हटलं, हो, लागलंय. खरं काय ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता घराचं लिहिते. तुला सगळं माहीत आहे असं तू म्हणशील, पण त्या दिवशी तूच बोलत होतास. माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

मे महिन्यात सोडतीत माझं नाव निघालं. सांवेर रोडच्या बाजूला, दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास. मी दोनदा बसनं जाऊन बाहेरून बघून आले. खिडकी उत्तरेला आहे. शिवणाऱ्या बाईला उत्तरेची खिडकी म्हणजे काय, ते तुला कळणार नाही. दिवसभर सारखा उजेड राहतो आणि ऊन पाठीवर येत नाही. मशीन कुठे ठेवायचं ते मी रस्त्यावर उभी राहूनच ठरवून टाकलं होतं. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या नावाचं दार होणार होतं, ज्ञानू.

या महिन्याच्या नऊ तारखेला कागद तपासायला बोलावलं. आधार, समग्र आयडी, फोटो आणि उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचं शपथपत्र, एवढंच मागितलं होतं. सगळं बरोबर होतं. बाबू शिक्का उचलत होता. शिक्का हातात होता त्याच्या, मी डोळ्यांनी बघितला. आणि तेवढ्यात मी पिशवीतून माझं रिटर्न काढलं.

कोणी मागितलं नव्हतं. हे लिहून ठेवते, म्हणजे तुझ्या माथी नसलेलं पाप मी मारते असं व्हायला नको. मागच्या वर्षी तू मला प्रिंट दिली होतीस, ती मी मालवा मिलजवळ नेऊन लॅमिनेट करून घेतली होती. विहारात बचत गटाच्या बायका जमल्या की मी ती दाखवायची. "मी रिटर्न भरते, माझा भाऊ भरतो माझं." फॉल-पिको करणारी दुसरी कोण बाई रिटर्न भरते आपल्याकडे? मला वाटलं, बाबूलाही दिसू दे, ही बाई फुकटी नाही, कायद्यानं चालणारी आहे.

तो आधी हसला. म्हणाला, "आंटी, ये क्या प्लास्टिक चढ़ा के लाए हो?" मग वाचायला लागला आणि हसू गेलं. शेजारच्या टेबलवाल्याला म्हणाला, "देख रे भिया, चार लाख छियासी हज़ार! आंटी, आप तो अपन से ज़्यादा कमा रही हो." मागे रांग होती. रांगेतले लोक हसले.

मग त्यानं शिक्का खाली ठेवला. "लिमिट तीन लाख की है. शपथपत्र में आपने लिखा तीन के अंदर, और यहाँ पौने पाँच के ऊपर. दोनों में से एक काग़ज़ तो झूठा है." वर विचारलं, "अच्छा, असल में कितना कमाती हो साल का?"

ज्ञानदीप, मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. नेमका आकडा नव्हता, पण साधारण माहीत असतंच माणसाला. माझ्या मागे परदेशीपुऱ्यातल्याच दोघी उभ्या होत्या, त्यांचे ब्लाऊज मी शिवते. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणाला, नाहीतर घर पुढच्या नंबरला जाईल. निघताना विचारलं, "भरवाया किसने?" मी म्हटलं, भाई ने. "इतनी छोटी कमाई पे तो भरना ज़रूरी भी नहीं था आंटी. भाई को पूछो, क्यों भरा."

विचारायला मी त्याच दिवशी फोन केला. तू म्हणालास, "ताई, टेन्शन घेऊ नको, मी येतो." चार किलोमीटर यायला तुला सहा दिवस लागले.

मला दोन हजार एकवीसचा तो जुलै आठवतो. तुझा फोन आला. "ताई, छोटा धंदा करणाऱ्यांनी पण रिटर्न भरलेलं अच्छं असतं. वह्या-बिह्या ठेवायची गरज नाही, छोट्या धंद्याला अंदाजानं टाकायची सरकारनंच सोय केली आहे. मी बसलो आहे ना!" किती बरं वाटलं मला. तुकोगंजला सीएच्या ऑफिसात बसणारा माझा भाऊ, सगळ्या खानदानाचे रिटर्न फुकट भरतो. दर जुलैला तुझा फोन यायचा, मी हातातली शिलाई ठेवायची, मोबाइलवर आलेले सहा आकडे तुला वाचून दाखवायची, तू म्हणायचास, "झालं." ते सहा आकडे म्हणजे माझी सही असते, हे मला त्या दिवशी बाबूनं सांगितलं. वरची सगळी माहिती खरी आहे अशी माझी सही. आठवी पास बाई मी, राशनच्या कागदावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. इथे तीन वर्षं फोनवर करत राहिले.

आपल्यात भावाला कोण विचारतं, सांग. बँकेचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, मयतीचा दाखला, काहीही आलं की "ज्ञानदीपला दे" एवढंच. घरातला एक जण ऑफिसात बसला की बाकीच्यांनी वाचायचं सोडून द्यायचं, हीच आपली रीत. मावशीच्या घरी तेच, काकांच्या घरी तेच. तू सांगशील तिथे सगळे मान डोलावतात. मग तूही कोणाला काही विचारायचं सोडलंस.

इथपर्यंत लिहून मी दोन ब्लाऊजचे काज केले. पुढचं लिहायचं नव्हतं, म्हणून.

इंग्रजी मला येत नाही. पण आकडे येतात. दिवसभर इंचांत आणि सुतांत जगणारी बाई आहे मी. पहिल्या वर्षी तू मोबाइलवर कागद पाठवलास, त्यात नावाच्या खाली तो आकडा मी बघितला होता. तीन वर्षं दर वर्षी बघितला. दर वर्षी थोडा वाढलेला. तुला विचारलंही होतं एकदा, की हे कसलं? तू म्हणालास, "ते टर्नओव्हर-बिर्नओव्हर असतं, तुला नाही समजणार." मला समजलं होतं. तो माझा आकडा नाही, हे मला तेव्हाच समजलं होतं.

आणि तो मला आवडला.

बाबा महूला फौजेच्या दर्जीखान्यात वर्दी शिवायचे, ते तुला आठवत नसेल, तू लहान होतास. मला माप घ्यायला त्यांनी शिकवलं. बायका येतात आणि सांगतात, ताई, कंबर दोन इंच कमी लिहा, मी आता बारीक होणार आहे. मी लिहीत नाही. टेप सांगेल तेच लिहिते, मग ती रागावली तरी चालेल. बाबांनी तसंच शिकवलं होतं, लोकांना आवडेल ते माप लिहायचं नाही. आणि माझं स्वतःचं माप तू चौपट फुगवून लिहिलंस, तर मी ते प्लास्टिकमध्ये घालून गावभर मिरवलं. तुझे दाजी गेल्यावर कोणी मला एवढं मोठं कधी लिहिलं नव्हतं. एवढा माझा गुन्हा आहे. तो मी कबूल करते, नंतर कोणी काढायला नको.

आता तुझा.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तू मला तुकोगंजला बोलावलंस. ऑफिसखालच्या बँकेत नेलंस, कचोरी खाऊ घातलीस. "ताई, फ्लॅटच्या लोनला जामीन लागतो, फॉर्मॅलिटी आहे." तिथल्या साहेबानं माझे तीन वर्षांचे रिटर्न चाळले आणि म्हणाला, "दीदी का प्रोफाइल तो बढ़िया है." मी लाजले, मूर्खासारखी. नऊ ठिकाणी सह्या केल्या. अशोका विजयादशमीला तुझा गृहप्रवेश झाला. चौदा पडदे मी शिवले, अस्तरासकट. वंदना झाली, जेवणं झाली, सुहासिनीनं मला ड्रेसचं कापड दिलं. मला खरोखर आनंद झाला होता रे. माझ्या भावाचं घर झालं, असं मी येईल त्याला सांगत होते.

यंदा जुलै आला. मी रोज फोनकडे बघायचे. एकतीस तारीख गेली, तुझा फोन आला नाही. वाटलं, कामात असेल. मग वाटलं, सुहासिनीची तब्येत असेल. नऊ तारखेला बाबूनं विचारलं ना, क्यों भरा, तेव्हा बसमध्ये बसल्यावर मला एकदम उमगलं, यंदा का नाही भरलंस ते. बँकेला तीन वर्षांचे लागणार होते, तीन भरले. काम झालं. धंदा तर माझा यंदाही चालूच होता, ज्ञानदीप.

म्हणजे दोन हजार एकवीसला तो पहिला फोन केलास, तेव्हाच तुझ्या डोक्यात फ्लॅट होता. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. नंतर अडचण आली आणि तू आकडा फिरवलास, असं असतं तर मी समजून घेतलं असतं.

मागच्या रविवारी आलास तेव्हा तू म्हणालास, "ताई, जामीन कोण राहणार होतं मला? सुहासिनीच्या भावानं हात वर केले. सगळे आकडा थोडा ठीक करतात. तुला एक रुपया टॅक्स लागला का?" नाही लागला. पाच लाखांच्या आत बसवला होतास, तेवढी काळजी घेतलीस. "घराची सोडत पुन्हा निघेल. माझी नोकरी गेली तर पुन्हा नाही मिळणार." आणि खिशातून कागद काढलास, हिंदीत टाइप केलेला. रिटर्नमधलं उत्पन्न बरोबर आहे, मी स्वखुशीनं घरावरचा हक्क सोडते. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. "सही तेवढी कर."

सुहासिनी म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्याकडेच या ना. मागची बाल्कनी आम्ही बंद करून घेणारच आहोत. तुमचं मशीन आरामात बसेल तिथे." मशीन बसेल. मी कुठे बसेन ते तिला विचारायचं राहून गेलं.

मी म्हटलं, ठेवून जा, बघते. तुला वाटलं, झालंच. जाताना तू पाया पडलास. एरवी तू दिवाळीलासुद्धा पडत नाहीस.

तो कागद आठवडाभर मशीनच्या खणात आहे. खरं सांगते, परवा मी पेन काढलं होतं. तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर. तुला साहेब ओरडेल, सगळ्यांसमोर फाईल फेकेल, असलं काय काय. मी सही करणार होते. तेवढ्यात एक बाई पिको करायला साडी घेऊन आली, म्हणून राहिली.

मंगळवारी मुदत संपते. आज इथेच थांबवते.


सोमवार, दुपार

काल पत्र थांबवलं आणि मापांची वही काढली. दर गिऱ्हाइकाच्या मापाखाली मी पैसे आणि तारीख लिहिते, ते तुला माहीत नाही. वर्षभराचं बसून जोडलं. ब्लाऊज वेगळे, फॉल-पिको वेगळं, शाळेचे गणवेश वेगळे. त्यातून धागा, अस्तर, सुया, मशीनची दुरुस्ती आणि वीज वजा केली. दोनदा जोडलं, दोन्ही वेळा तेच आलं. एवढं सोपं होतं रे. एका दुपारचं काम.

मग माझ्या हातानं हिंदीत खुलासा लिहिला. शपथपत्र खरं आहे, रिटर्न खोटं आहे. ते माझ्या भावानं भरलं, मी आकडे वाचून दाखवले आणि कागद बघूनही गप्प बसले. बँकेत जामीन राहिले, तेही लिहिलं. तुझं नाव लिहिलं. ऑफिसचा पत्ता माझ्याकडे नव्हता, तो तुझ्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेवरून उतरवला.

आज सकाळी नेऊन दिला. तोच बाबू होता. सगळं वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आंटी, भाई का नाम लिख दिया आपने? सोच लो. एक बार ऊपर गया तो वापस नहीं आता." मी म्हटलं, सोच लिया. रिटर्न सुधारून घ्यावं लागेल म्हणाला, ते वेगळं. घर मिळेल का, तर "मैं कुछ नहीं कह सकता, जाँच होगी." कदाचित मिळणार नाही. दिवाळीनंतर मी कुठे असेन, ते मला माहीत नाही. पण तुझ्या बाल्कनीत नसेन.

तुझा टाइप केलेला कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे. सहीची जागा मोकळीच आहे.

तुझ्या नोकरीचं काय होईल, या विचारानं मला रात्री झोप लागली नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. राग आला म्हणून तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण तुला वाचवायला मी आणखी एक खोटी सही करणार नाही. तू आता मला फोन करू नकोस. सुहासिनीलाही पाठवू नकोस. मला वाटलं तर मी करेन.

बाबूनं शेवटी पुन्हा तोच कमाईचा प्रश्न विचारला, कारण खुलाशात तो रकाना मी रिकामा ठेवला होता. लिहायची लाजच वाटली होती. मागे रांग होती, मागच्या वेळेपेक्षा मोठीच. मी मोठ्यानं सांगितलं. कोणी हसलं नाही. मागची एक बाई म्हणाली, माझंही तेवढंच आहे.

तुलाही सांगते. तीन वर्षं तू माझी कमाई लिहिलीस, पण ती किती आहे, हे एकदाही मला विचारलं नाहीस.

तुझी ताई,
पंचशीला
धंदा: शिवणकाम
वर्षाचं उत्पन्न: एक लाख सात हजार चारशे रुपये